कोकणातल्या घरासाठी कर्ज: आधी सातबारा, मग बँक, व्याजदर सगळ्यात शेवटी

गृहकर्जावर जे काही लिहिलं जातं ते बहुतेक मुंबई-पुण्यात फ्लॅट घेणाऱ्यासाठी असतं. बिल्डरचा प्रकल्प बँकेने आधीच तपासलेला, पगार दर महिन्याला खात्यात जमा होणारा. मग उरतो एकच प्रश्न, कुठली बँक पाव टक्का स्वस्त देते. तेच वाचून आपण गुहागरच्या नाहीतर देवगडच्या एखाद्या वाडीतल्या घरासाठी बँकेत जातो आणि साहेब विचारतात, "सातबारावर नावं किती?" तिथे गाडी अडते.

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं जुनं कौलारू घर उतरवून त्याच जोत्यावर नवं बांधताना मी हे सगळं पाहिलं. थोडा पैसा बँकेचा होता, थोडा पतसंस्थेचा, थोडा घरातला. त्यानंतर वाडीतले आणि मुंबईतले बरेच जण तेच प्रश्न घेऊन येत राहिले, म्हणून एकदाच क्रमाने लिहितो. क्रम मुद्दाम असा आहे. व्याजदराची चौकशी शेवटी करायची, कारण कोकणात तुम्हाला कोणकोणतं कर्ज मिळू शकतं हे तुमच्या पगाराच्या आधी तुमची जमीन ठरवते.

१. घर कोणत्या जमिनीवर आहे ते ओळखा

घाटावर गावं एकगठ्ठा असतात आणि घरं गावठाणात. आपल्याकडे वाड्या डोंगरउतारावर पसरलेल्या, आणि घर बहुधा आपल्याच आगरात किंवा वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनीत. त्यामुळे पिढ्यानपिढ्या राहतं घर असलं तरी कागदावर ती जागा शेतजमीनच असू शकते. साधारण चार प्रकार पडतात.

गावठाणातलं घर: याला सातबारा नसतो. पूर्वी इथे मोठी पंचाईत व्हायची, कारण दाखवायला फक्त ग्रामपंचायतीचा उतारा असायचा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका, म्हणजे लोक ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ते, देण्याचं काम सुरू झालं. तुमच्या गावची मिळकत पत्रिका तयार आहे का ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. ती हातात आली की बँकेशी बोलणं सोपं जातं.

सातबारावरच्या शेतजमिनीतलं घर: कोकणातली बहुसंख्य घरं यातच मोडतात. बँक इथे कां-कूं करते, त्यामागे कारण आहे. कर्ज थकलं तर बँका २००२ च्या सरफेसी कायद्याने, कोर्टात न जाता, गहाण मालमत्तेचा ताबा घेऊ शकतात. त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणजे जमीन शेतीची राहिली तर बँकेच्या हातातलं मुख्य हत्यारच जातं. म्हणून त्या म्हणतात, आधी बिगरशेती करून आणा.

बिगरशेती प्लॉट: सनद, म्हणजे बिगरशेती वापराचा सरकारी कागद, आणि मंजूर रेखांकन असेल तर बाकी सगळं पुष्कळ सरळ.

फ्लॅट: रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी, अलिबाग. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि ८ पेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प असेल तर महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक घ्या आणि संकेतस्थळावर स्वतः तपासा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १०% पेक्षा जास्त मागता येत नाही, हे लक्षात असू द्या. फ्लॅटवाल्यांनी पायरी २ वरून नजर फिरवून थेट पायरी ३ वर जायला हरकत नाही.

इथला नेहमीचा खड्डा म्हणजे असेसमेंट. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हातात धरून "घर माझ्या नावावर आहे" असं आपण छातीठोकपणे सांगतो. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. घर कोण वापरतो आणि पट्टी कोण भरतो एवढंच त्यातून कळतं, खालच्या जमिनीची मालकी त्याने सिद्ध होत नाही. बँकेचा वकील तो फाइलला लावतो आणि पुढे सातबाराच मागतो.

२. सातबारा वाचायला शिका

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो. सोबत ८अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) हेही काढा. बँकेचा वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतो. तो घेण्याआधी आपण घेतलेला बरा.

नावं. आजोबांची नावं अजून तशीच असतील तर आधी वारस नोंद. कब्जेदारात पंधरा-वीस चुलत भावंडं असतील, तर त्या सामाईक जमिनीतला तुमचा तुकडा कुठला हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. गडगा घालून वेगळं केलेलं असलं आणि चाळीस वर्षं कोणी हरकत घेतली नसली, तरी बँकेच्या लेखी ते वाटप नाही. मार्ग तीन आहेत:

अ) वाटप. सगळे राजी असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज किंवा नोंदणीकृत वाटपपत्र. त्यानंतर मोजणी आणि पोटहिस्सा. सगळ्यात पक्का रस्ता हाच, आणि वेळखाऊही हाच. तुकडेबंदीचा, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे न पाडण्याचा, नियम आड येतो का ते तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आधीच विचारून घ्या.

ब) हक्कसोडपत्र. घराच्या जागेपुरता इतरांनी तुमच्या नावे हक्क सोडायचा. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल तरच त्याला किंमत. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेला कागद कर्जासाठी कुचकामी आहे, तो करून देणारे मात्र प्रत्येक तालुक्याच्या नाक्यावर बसलेले असतात.

क) सहधारकांना कर्जात सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून घेणं. दोन सख्ख्या भावांत हे चालून जातं. वीस जणांत सुचवूसुद्धा नका.

सह्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. सगळे चाकरमानी एकत्र सापडतात ते गणपतीत, आणि काही प्रमाणात शिमग्याला. आरतीनंतर विषय काढला जातो, सगळे "हो हो" म्हणतात, आणि विसर्जन झालं की जो तो गाडी पकडतो. मसुदा जुलैतच वकिलाकडून तयार करून घ्या, सगळ्यांना आधी वाचायला पाठवा, आणि गणपतीत निबंधक कार्यालय ज्या दिवशी उघडं असेल त्या दिवसाची वेळ ठरवून ठेवा. परदेशात किंवा बोटीवर असलेल्या भावाकडून कुलमुखत्यारपत्र लागेल, त्याची तयारी त्याहून आधी. आणि बहिणींना, आत्यांना विसरू नका. वडिलोपार्जित मिळकतीत त्यांचा हक्क आहे आणि वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. हा विषय शेवटच्या दिवशी सही मागून उरकायचा नसतो, घरी जाऊन नीट बोलायचा असतो.

इतर हक्क. सातबाऱ्याचा हा रकाना लोक वाचतच नाहीत. यात दिसू शकणाऱ्या गोष्टी:

कुळाचं नाव. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाचे, म्हणजे जमीन कसणारं कूळ तिचं मालक मानलं गेलं त्या दिवसाचे, परिणाम कोकणात आजही सातबाऱ्यावर दिसतात. जमीन कूळ कायद्याने मिळालेली असेल तर कलम ४३ चा शेरा असतो, म्हणजे परवानगीशिवाय ती हस्तांतरित करता येत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, ३२म प्रमाणपत्राला (कुळाच्या खरेदीचा दाखला) दहा वर्षं झाली असतील तर जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट रक्कम भरून ही अट सुटते. रक्कम बहुतेक वेळा किरकोळ असते, खटपट जास्त असते.

जुने बोजे. सोसायटीचं कर्ज आजोबांनी फेडलेलं असतं, पण बोजा कमी केल्याचा फेरफार कोणी घातलेलाच नसतो. सोसायटीचा दाखला आणून तो काढून घ्या.

देवस्थान इनाम, खाजगी वन, सिंधुदुर्गात वनसंज्ञा (वन म्हणून लागलेला शेरा), आंबोली-गेळे-चौकुळकडे कबुलायतदार गावकरचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनींचा, प्रश्न. यातलं काही असेल तर गहाण कर्जाचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि सरळ पायरी ५ वर जा. मी निराश करण्यासाठी म्हणत नाही, या गोष्टी एका घरमालकाच्या खटपटीने सुटत नाहीत.

बिगरशेती. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२ड खाली रूपांतरण कर भरून ती निवासी वापराची मानली जायची आणि तहसीलदार सनद द्यायचे. बिगरशेतीचे नियम अलीकडे बदलले आहेत, म्हणून सध्या काय लागतं ते तहसील कार्यालयात विचारा. ४२ड ची तरतूद बऱ्याच जणांना माहीतच नसायची. ते लांबच्या कलम ४४ च्या परवानगीमागे धावायचे. मात्र "गावठाण" म्हणजे नकाशावरचं गावठाण, तुमची वाडी नव्हे. अंतर नकाशावर मोजून घ्या.

समुद्र आणि खाडी. किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, तपासल्याशिवाय आराखड्यावर पैसे घालवू नका. दाट वस्तीची नसलेली ग्रामीण किनारपट्टी असेल तर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामावर कडक बंधनं आहेत. खाडीकाठालाही वेगळी मर्यादा आहे. जुन्या घराची दुरुस्ती आणि नवं घर यांना लागू होणारे नियम एक नसतात, म्हणून जुनं घर उतरवण्याआधी त्याची नोंद, फोटो आणि घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा. एकदा भिंती गेल्या की "इथे घर होतं" हे सिद्ध करत बसावं लागतं.

३. गहाण कर्ज चालतं कसं ते समजून घ्या

घर किंवा जागा तारण, त्यावर लांब मुदतीचं कर्ज, दर महिन्याला ठरलेला हप्ता. हप्ता सारखा दिसला तरी आतलं गणित महिन्यागणिक बदलत असतं.

२० लाख रुपये, ८.५% दर, २० वर्षं धरू. हप्ता येतो सुमारे १७,३५६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजात जातात, मुद्दल कमी होतं जेमतेम ३,१९० ने. पाच वर्षांत तुम्ही दहा लाखांच्या वर भरलेले असता आणि मुद्दल अजून साडेसतरा लाखांच्या वरच असतं. वीस वर्षांत एकूण परतफेड ४१ लाख ६५ हजारांच्या आसपास. तेच कर्ज १० वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे २४,८०० आणि एकूण व्याज पावणेदहा लाखांच्या घरात. वीस वर्षांच्या व्याजाच्या निम्म्याहूनही कमी. "हप्ता झेपतो का" एवढंच विचारून मुदत लांबवत नेली की काय होतं ते यात दिसतं.

बदलता आणि स्थिर दर. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मानकाशी, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी (ज्या दराने ती बँकांना पैसे देते), जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने ठरतो. दर वाढला की हप्ता तोच ठेवून मुदत गुपचूप लांबवायची सवय बँकांना होती. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा. पण विचारलं जाईलच म्हणून बसू नका. दर एप्रिलला खात्याचा उतारा काढा आणि किती महिने उरलेत ते पाहा.

बँक किती देते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९०%, ३० ते ७५ लाखांत ८०%, त्यापुढे ७५%. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. वाडीतल्या घराचं मूल्यांकन करताना मूल्यांकनकार बाजारात ते विकलं जाईल का असा विचार करतो आणि आकडा आपल्या अपेक्षेपेक्षा बराच खाली येतो. चिऱ्याच्या भिंती, सागवानी दारं, पडवी, खळं यांचं मोल त्याच्या तक्त्यात फारसं उमटत नाही. हातात निदान २५ ते ३०% स्वतःचे असतील असं धरूनच चाला.

पैसे टप्प्याटप्प्याने. बांधकामासाठीचं कर्ज एकरकमी मिळत नाही. जोतं, लिंटल, स्लॅब किंवा छप्पर, मग गिलावा आणि फरशी. प्रत्येक टप्प्याला अभियंता पाहून जातो, मग पुढचा पैसा. आता यात आपला पावसाळा घाला. ऑक्टोबरात काम काढलं तर मेअखेर छप्पर चढलंच पाहिजे. नाहीतर जूनपासून चार महिने उघड्या भिंती, बंद काम आणि उचललेल्या रकमेवर चालू व्याज. या काळात पूर्ण हप्ता सुरू होत नाही, फक्त उचललेल्या पैशावर व्याज भरायचं असतं, पण ते मुद्दलाला शिवतही नाही. म्हणून मंजुरी सप्टेंबरअखेर हातात येईल अशा बेताने अर्ज करा. आणि पहिल्या टप्प्याचा खर्च बहुधा आधी तुमच्या खिशातून होतो, मग बँक देते. गवंडी आणि चिरेवाला थांबत नाहीत.

४. कर्ज देणारा कोण, ते पाहा

राष्ट्रीयीकृत बँक. दर बहुधा सगळ्यात कमी, कागद सगळ्यात कडक. तालुक्याच्या शाखेतून फाइल प्रक्रिया केंद्रात जाते आणि तिथल्या माणसाला सामाईक सातबारा म्हणजे डोकेदुखी वाटते. तुम्ही मुंबईत पगारदार असाल तर पगाराचं खातं असलेल्या शाखेतून विचारा, पण मालमत्ता गावी आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. काही शाखा इतक्या लांबची मालमत्ता घेतच नाहीत.

ग्रामीण आणि जिल्हा मध्यवर्ती बँक. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, जुन्या पासबुकावर जाऊ नका. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा बँकांच्या माणसांना इथली जमीन कळते, वाडीतलं घर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. दर थोडा जास्त असू शकतो. माझं मत विचाराल तर गावातल्या घरासाठी पहिली चौकशी इथे करावी.

गृहवित्त कंपनी. कागदात थोडी सूट, उत्पन्नाचा पुरावा कच्चा असला तरी विचार करतात. आंबा बागायतदार, होडीवाले, रिक्षावाले यांना हा दरवाजा लवकर उघडतो. बदल्यात दर जास्त, आणि तो रेपोशी बांधलेला असेलच असं नाही, कंपनी स्वतःच्या मूळ दरावर चालते. १० लाख, १५ वर्षं: ८.५% ने हप्ता ९,८४७ रुपये, १२% ने १२,००२. एकूण फरक पावणेचार लाखांच्या पुढे. कागद नीट करण्यावर पन्नास हजार आणि सहा महिने घालवावेत की नाही, याचं उत्तर या एका हिशेबात आहे.

पतसंस्था. सभासद व्हा, भाग घ्या, दोन जामीनदार आणा, पैसे लवकर. दुरुस्तीसाठी, दोन-तीन लाखांसाठी ठीक. पण दर सपाट आहे, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर, की घटत्या शिलकेवर, हे विचारा. ३ लाख, ५ वर्षं, "फक्त १०%" सपाट दराने म्हणजे व्याज दीड लाख, हप्ता ७,५००. घटत्या शिलकेच्या भाषेत हा दर १७% च्या वर जातो. आणि जामीनदाराला सांगूनच सही घ्या: थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि तो जामीनदारावरही निघतो. वाडीतली कित्येक बोलणी या कारणाने बंद झालेली आहेत.

५. गहाण कर्जाशिवायचे मार्ग

पुष्कळदा वीस वर्षांच्या कर्जाची गरजच नसते. कौलं उतरवून पत्रा किंवा नवी कौलं, एक न्हाणीघर, स्वयंपाकघराची फरशी, एवढ्यासाठी अख्खी जमीन बँकेत गुंतवू नका.

सोनेतारण. घरात दागिने असतील तर लहान रकमेसाठी सगळ्यात कमी कटकटीचं. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंत किमतीच्या ८५%, पाच लाखांपर्यंत ८०%, पुढे ७५% कमाल. मुदत छोटी असते. बांधकाम वर्षभर रखडलं तर सोडवताना धावपळ होते.

भविष्य निर्वाह निधी. नोकरदार असाल तर घरासाठी काढता येतो, परत भरावा लागत नाही. स्वतःचा हिस्सा म्हणून लागणारे पैसे यातून उभे करणारे बरेच आहेत. आयुर्विम्याच्या जुन्या पॉलिसीवरही कर्ज मिळतं, तेही पाहा.

वैयक्तिक कर्ज. तारण नाही, म्हणून दर चढा. शेवटच्या टप्प्यात लाख-दोन लाख कमी पडले तर ठीक, सगळं घर यावर उभं करू नका.

सरकारी मदत. गावात असाल तर प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण: पात्र कुटुंबाला १ लाख २० हजार रुपये केंद्र-राज्य मिळून, डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार, शिवाय रोजगार हमीची ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. यादीत नाव असणं हीच खरी अट, ग्रामपंचायतीत विचारा. शहरात, म्हणजे नगरपालिका किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत, शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदान आहे: कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४% अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. देशात कुठेही पक्कं घर नावावर असेल तर दोन्हीकडे अपात्र. "मी अनुदान मंजूर करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजा आणि रवाना करा.

घरातलं उसनं. भाऊ किंवा मेहुणा बिनव्याजी देत असेल तर उत्तम. मात्र २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका, आयकर कायद्यात उसन्याच्या रकमेएवढा दंड होऊ शकतो. बँकेतून घ्या आणि साध्या कागदावर परतफेडीचा तपशील लिहून दोघांनी सही करा. नातं टिकवण्यासाठी तो कागद उपयोगी पडतो.

सावकार. परवाना आहे का ते सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तपासता येतं. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९%, विनातारण १२%. इतरांना १५% आणि १८% ही कमाल ठरवलेली आहे. "शेकडा तीन महिना" म्हणजे वर्षाला ३६%. कोऱ्या कागदावर सही किंवा जमिनीचं खरेदीखत "तारण म्हणून" मागितलं तर तिथून उठा.

व्याज नको असेल तर. दापोली, खेड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडच्या कोकणी मुस्लिम मित्रांकडून हा प्रश्न नेहमी येतो. आखाती देशांत घटत्या भागीदारीची पद्धत आहे: बँक आणि ग्राहक मिळून घर घेतात, ग्राहक बँकेच्या हिश्श्याचं भाडं देतो आणि हप्त्याहप्त्याने तो हिस्सा विकत घेतो. भारतातल्या बँकांत हा प्रकार मिळत नाही. रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवल्याचं २०१७ मध्येच स्पष्ट झालं. खाजगीरीत्या तसा करार करायचा तर मालकी दोनदा हस्तांतरित होते आणि मुद्रांक शुल्कही दोनदा लागू शकतं. म्हणून व्यवहारात उरतं ते बिनव्याजी सहकारी पतपेढी, जमातीचा निधी, बिल्डरशी हप्त्यांचा थेट करार, किंवा टप्प्याटप्प्याने बांधकाम: यंदा जोतं आणि भिंती, पुढच्या वर्षी छप्पर. कोकणात पूर्वी धर्म कुठलाही असो, घरं अशीच उभी राहायची, आणि आजही ती पद्धत वाईट नाही.

६. कागदांची पिशवी

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये, प्रत्येकी तीन प्रती. मूळ कागद अर्ज करताना देऊ नका, मंजुरीनंतरच, आणि यादीवर बँकेचा शिक्का घेऊन.

- आधार, पॅन, फोटो, सगळ्या सहकर्जदारांचे
- पगारदार: तीन ते सहा महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६, बँकेचा उतारा
- व्यावसायिक, बागायतदार: दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, आंब्या-काजूच्या विक्रीच्या पट्ट्या, परवाने
- बोटीवर किंवा परदेशात असणारे: करारपत्र, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), पासपोर्ट, कुलमुखत्यारपत्र
- सातबारा, ८अ, फेरफार किंवा मिळकत पत्रिका
- मोजणीचा नकाशा, बिगरशेतीची सनद
- वाटपपत्र, हक्कसोड, खरेदीखत आणि सूची दोन (निबंधकाकडचा दस्त नोंदणीचा उतारा)
- नमुना ८, घरपट्टीची चालू पावती, वीजबिल
- सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केलेला आराखडा आणि अभियंत्याचं खर्चाचं अंदाजपत्रक

शेवटच्या कागदाबद्दल: ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी, असं समजून बरेच लोक अडकतात. तुमच्या जागेला परवानगी कोण देणार हे बँकेला आधी विचारा आणि त्यांनी मान्य केलेल्याच कार्यालयात अर्ज करा. अंदाजपत्रकही खरं लिहून घ्या. चिरे डोंगरावर चढवायची वाहतूक, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी, संरक्षक भिंत हे त्यात बसवा, नाहीतर मध्येच पैसे संपतात.

पत अहवाल अर्जाआधी पाहा. सिबिलसह कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. जामीन राहिलेलं दुसऱ्याचं थकलेलं कर्ज तिथे दिसू शकतं.

७. मंजुरीपत्रावर सही करण्याआधी

"मुख्य तथ्य विवरण" मागा. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते देणं बंधनकारक आहे. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन ठिकाणांची तुलना त्याच आकड्याने करा, फलकावरच्या दराने नव्हे.

प्रक्रिया शुल्क, वकील आणि मूल्यांकनकाराची फी विचारा. सुरुवातीला भरलेलं शुल्क कर्ज नाकारलं तरी बहुधा परत मिळत नाही, म्हणून सातबारा आधी दाखवून तोंडी अंदाज घ्या. मूळ कागद ठेवून कर्ज घेतल्याची सूचना निबंधक कार्यालयात ३० दिवसांच्या आत दाखल करावी लागते, ती कोण करणार तेही लिहून घ्या.

विमा. कर्जासोबत आयुर्विमा घेणं कायद्याने सक्तीचं नाही. एकरकमी हप्ता कर्जातच घालून दिला की त्यावरही वीस वर्षं व्याज बसतं. कमावता माणूस एकच असेल तर साधी मुदत विमा पॉलिसी वेगळी घ्या. घराचा विमा मात्र घ्याच. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवर कसं आलं आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी कुठवर चढलं ते इथे कोणाला सांगायला नको. "भारत गृह रक्षा" ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, त्यात वादळ, पूर, दरड येते. घराची जमिनीसकट किंमत न लिहिता बांधकामाचा खर्च लिहा.

करसवलत बघून कर्ज घेणार असाल तर थांबा. राहत्या घराच्या व्याजावरची वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीतच आहे, नव्या पद्धतीत नाही.

८. कर्ज सुरू झाल्यावर आणि संपल्यावर

आंब्याचा हंगाम, बोनस, बोटीवरून परतल्यावरचे पैसे, यातून जमेल तसं मुद्दलात भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी भरण्याचा दंड घेता येत नाही. भरताना लेखी सांगा की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा.

अडचण आली, मासे नाहीत, बाग गेली, नोकरी सुटली, तर पहिला हप्ता चुकण्याआधी शाखेत जा. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादित ठरतं, मग सरफेसीची ६० दिवसांची नोटीस येते आणि शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसं काही राहत नाही.

शेवटचा हप्ता भरल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. कागद यादीशी ताडून घ्या, बेबाकी दाखला घ्या, निबंधकाकडची गहाणाची नोंद कमी करून घ्या, आणि तो दाखला घेऊन त्याच आठवड्यात ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जाऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवण्याचा अर्ज द्या. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून पाहा आणि त्याची एक प्रत सगळ्या भावंडांना पाठवा.